कामाला माणूस नाही आणि माणसाला काम नाही, कोकणात हे एकाच वेळी कसं?

कातळशिल्प (धागाकर्ता)

दर मे महिन्यात आपल्याकडच्या पेपरात दोन बातम्या हमखास असतात. एक, दहावी-बारावीला कोकण मंडळ राज्यात पहिलं. २०२५ ला बारावी ९६.७४ टक्के, दहावी ९८.८२ टक्के. दुसरी, आंबा झाडावर, पाऊस तोंडावर आणि खुडणीला माणूस नाही. दोन्ही बातम्या त्याच तालुक्यातल्या, कधी कधी त्याच घरातल्या. पण शेजारी शेजारी ठेवून कोणी वाचत नाही, म्हणून हा धागा.

माझी पावसच्या बाजूला वडिलोपार्जित हापूसची बाग आहे. राखण, फवारणी, खुडणी, पेट्या भरणं, सगळं नेपाळी कुटुंबं करतात. एकट्या माझ्याकडे नाही, रत्नागिरी-देवगड पट्ट्यात बहुतेकांकडे तेच. दसरा-दिवाळी उरकून ती येतात, बागेतच राहतात आणि पावसाच्या आधी परत जातात. का जातात हे आपण कधी विचारत नाही. त्यांच्याकडे आषाढात भाताची लावणी असते. म्हणजे त्या माणसाचं वर्ष पुरं आहे. चार महिने स्वतःची शेती, आठ महिने आपली बाग.

वाडीतला एक मुलगा फिटरचा आयटीआय करून घरी आहे. त्याला म्हटलं, बागेचं सगळं तू बघ, नेपाळ्याला देतो त्यापेक्षा चार पैसे जास्त देतो. तो म्हणाला, "काका, आठ महिन्यांचं ठीक आहे. जून ते सप्टेंबर काय करू? आणि मुलगी बघायला गेल्यावर काय सांगू, आंबा असेपर्यंत नोकरी आहे म्हणून?"

माझं म्हणणं असं की कोकणात कामाचा तुटवडा नाही, बारा महिन्यांच्या कामाचा आहे. आंब्याचं काम ऑक्टोबर ते मे. काजू फेब्रुवारी ते मे. मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी. चिरेखाण आणि बांधकाम पावसात ठप्प. पर्यटक दिवाळी, नाताळ आणि मे. भात जून ते ऑक्टोबर. हे तुकडे एकापुढे एक लावले तर वर्ष भरतं, पण ते लावून देणारी यंत्रणा कुठेच नाही. प्रत्येक मालक आपल्या तुकड्यापुरता माणूस शोधतो, आणि मुलगा बारा महिन्यांचा पगार शोधत मुंबई, पुणे नाहीतर गोवा गाठतो.

जनगणनेतही ते दिसतं. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला १६,९६,७७७ होती, २०११ ला १६,१५,०६९. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. राज्य वाढत होतं, आपण आटत होतो. २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. यावर भाषणात टाळ्या घेतलेल्या ऐकल्या आहेत. त्याचा अर्थ फक्त एवढाच की पुरुष गावात नाहीत.

तुमच्याकडे काय चित्र आहे? बागायतदार, होडीवाले, कारखान्यातले, शिक्षक, सगळ्यांनी लिहा. राजकारण कमी ठेवा.

चाकरमानी_डोंबिवली

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कोकणातल्या तरुणाला मातीत हात घालायला नको. नेपाळी माणूस हिमालयातून येऊन राबतो आणि आपला नाक्यावर रील बघत बसतो. क्रिकेटच्या स्पर्धा भरवायला माणसं मिळतात, वाडीतली पाखाडी (दगडी पायवाट) साफ करायला मिळत नाहीत. आमचे वडील गिरणीत तीन पाळ्यांत राबले, त्यावर आम्ही शिकलो. कुठे गेली ती पिढी?

सुरंगी

@चाकरमानी_डोंबिवली, तुमचे वडील गिरणीत राबत होते तेव्हा गावची भातशेती कोण करत होतं? आजी आणि आई. वडिलांची मनीऑर्डर आणि आईचं भात, दोन्ही मिळून घर चाललं. धागाकर्ते म्हणतात ते "पुरं वर्ष" आपल्याकडे असंच भरलं जायचं, फक्त अर्धं वर्ष बाईच्या अंगावर होतं आणि ते हिशेबात कोणी धरलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर मनीऑर्डर आटली. गावात परतलेल्या माणसाला शेतीची सवय नव्हती.

आता कोणी काही म्हणायच्या आधी मजुरीचं बोलू. संगमेश्वरात आमच्या भागात लावणीला पुरुषाला पाचशे-सहाशे देतात आणि बाईला तीनशे-साडेतीनशे. चिखल तोच, आणि वाकून रोप लावायचं काम जास्त बाईच करते. समान कामाला समान मजुरी १९७६ पासून कायद्यात आहे. बांधावर अजून पोचलेली नाही. वर मालक म्हणतात बायका कामाला येईनाशा झाल्या.

काजू कारखान्याचंही तेच. मजुरी किलोवर. टरफलातलं तेल लागलं की बोटांची कातडी जाते. हातमोजे दिलेले असतात, पण मोजे घालून हात झरझर चालत नाही, आणि हात चालला नाही तर किलो भरत नाही. मग बायका मोजे बाजूला ठेवून बोटांना राख नाहीतर तेल चोळतात. पाहणीला साहेब आला की मोजे पुन्हा हातात. अशा कामाला बारावी ऐंशी टक्केवाली मुलगी येईल का? माझी मुलगी नर्सिंगला गेली. मी अडवलं नाही.

लोटेकर

लोट्याला एका केमिकल कंपनीत पर्सोनेलमध्ये आहे, नाव सांगणार नाही. कारखान्यांची बाजू, म्हणजे जशी दिसते तशी, सांगतो.

"८० टक्के स्थानिक" हे वाक्य प्रत्येक मोर्च्यात असतं. धोरण आहेच: एकूण ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय जागांत ५० टक्के स्थानिक. पण त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य असलेला. खेड, चिपळूण, गुहागरचाच हवा असं त्यात कुठेही नाही. नांदेडचा मुलगाही स्थानिक. मोर्चा नेणाऱ्यांना हे ठाऊक असतं, मोर्च्यात चालणाऱ्यांना नसतं.

दुसरं, कायम कामगार निवृत्त झाला की त्याची जागा भरतच नाहीत. ते काम ठेकेदाराकडे जातं. ठेकेदार मात्र अगदी स्थानिक असतो, कुणाचा ना कुणाचा भाचा. तो माणसं बाहेरून आणतो, कारण बाहेरचा माणूस खोलीत दहा जणांत राहतो, बारा तास थांबतो आणि शिमग्याला सुट्टी मागत नाही. कायद्यात जादा कामाला दुप्पट दर आहे. तो मिळतो का हे मला इथे विचारू नका.

आणि आपल्या मुलांचंही एक सांगतो. गणपती आणि शिमगा हे दोन आठवडे हजेरीपत्रक पांढरं. प्लांट बंद ठेवता येत नाही, रिअ‍ॅक्टरला पालखी कळत नाही. यावर तोडगा निघू शकतो, आमच्याकडे एका वर्षी दोन गट पाडून आलटून पालटून सुट्ट्या दिल्या आणि काम अडलं नाही. पण त्यासाठी कुणीतरी कागद घेऊन बसावं लागतं. ठेकेदार बदलणं सोपं पडतं.

कोकणचा_विकास

हे सगळं होतं कारण आपण प्रत्येक प्रकल्पाला विरोध करतो. नाणारची रिफायनरी घालवली, बारसूला आंदोलन, जैतापूर रखडलं. प्रकल्प आले असते तर लाखभर रोजगार...

कातळशिल्प

विकासराव, त्या विषयावर इथेच तीन धागे आहेत आणि तिन्ही कुलूपबंद झालेत. माझा एकच प्रश्न. दाभोळचा वीज प्रकल्प १९९० च्या दशकात आला, बांधकाम चालू होतं तोवर गुहागरात खोली भाड्याने मिळत नव्हती. २००१ ला कंपनी बंद पडली, पुढे २००५ मध्ये नव्या कंपनीने ती घेतली. बांधकामाच्या वेळची माणसं आणि चालू प्रकल्पाची माणसं यांत किती फरक असतो ते तिथल्या लोकांना विचारा. प्रकल्प हवा की नको हा वाद राहू दे. आलाच तर त्यात आपला मुलगा कुठल्या टेबलावर बसणार, त्याचं शिक्षण आज कुठे चाललंय, यावर लिहा.

वेल्डिंगमास्तर

याच वाक्याची वाट बघत होतो. सरकारी आयटीआयला निदेशक आहे, दक्षिण रत्नागिरीत.

आमच्याकडे इलेक्ट्रिशियनला आणि फिटरला रांग लागते, कारण घरच्यांना रेल्वे आणि महावितरण दिसत असतं. कोकण रेल्वे १९९८ ला सुरू झाली तेव्हा ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरात नोकऱ्या आल्या, तो काळ अजून लोकांच्या डोक्यात आहे. डिझेल मेकॅनिकच्या जागा भरताना मात्र दमछाक होते. आता बघा, किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची इंजिनं आहेत, बागेत पॉवर टिलर, फवारणीचे पंप, ग्रासकटर, हॉटेलांत जनरेटर. दुरुस्तीला मेकॅनिक नाही म्हणून होडी चार दिवस धक्क्याला उभी राहते. मेकॅनिक येतो तो शिक्का नसलेला, हाताने शिकलेला, आणि खोऱ्याने कमावतो. आमच्या मुलांना मी हे सांगतो. ते ऐकून घेतात आणि पुण्याला चाकणला जातात, कारण तिथे अ‍ॅप्रेंटिसचं पत्र मिळतं, आयकार्ड मिळतं, बस मिळते. गॅरेजवाला काय पत्र देणार?

अभ्यासक्रम वरून येतो. एसी-फ्रिजच्या ट्रेडमध्ये मुलगा घरगुती फ्रिज उघडायला शिकतो. इथे गरज आहे बर्फ कारखान्याच्या अमोनिया प्लांटची आणि मासळीच्या कोल्ड स्टोरेजची. त्यातलं त्याने कधी काही पाहिलेलं नसतं. एक वर्ष मी ओळखीने मुलांना बर्फ कारखान्यात नेऊन आणलं. मालक खूश, मुलं खूश, आणि कार्यालयातून विचारणा की हा दौरा कोणत्या हेडखाली.

२०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीला १०,००० विद्यावेतन, आधी सहा महिने, मग पाच महिन्यांची वाढ. माझी कितीतरी मुलं ग्रामपंचायत आणि शाळांमध्ये लागली. वेल्डर टपाल आवक-जावक लिहीत होता. मुदत संपली, आता ती कायम करा म्हणून निवेदनं देतायत. तोच पैसा बर्फ कारखान्यात, बोटीच्या वर्कशॉपमध्ये खर्च झाला असता तर... असो.

तेरेखोल

हयसर सगळे रत्नागिरीवाले दिसतत, म्हणान सावंतवाडीचा सांगतंय.

आमचे पोरगे मुंबयक जाणत नाय आता, गोव्याक जातत. माझो झील रोज पेडण्याक जाता. सकाळी सहाक मोटारसायकल काढता, रात्री आठाक घराक येता. मोपाचा विमानतळ सुरू झाला तेव्हापासून तर निम्मो वाडो थयसर. कोण लोडर, कोण सिक्युरिटी, कोण हाउसकिपिंग. वेर्ण्याक औषधांच्या कंपन्येत बसी भरून जातत. पगार म्हणशात तर मोठो नाय, पण म्हयन्याच्या म्हयन्याक येता.

(आता प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर चाकरमानी रागावतील.) यात दोन गोष्टी कोणी बोलत नाही. एक, गोव्यात आमची मुलं "बाहेरची" आहेत. तिथले लोक स्थानिकांना नोकऱ्या द्या म्हणून ओरडतात तेव्हा ते आमच्याविषयी ओरडतात. आपण इथे परप्रांतीय म्हणतो, पत्रादेवीची हद्द ओलांडली की तेच आपण होतो. दुसरी, बांद्याच्या पुढच्या रस्त्यावर पहाटे आणि रात्री दुचाकीचे अपघात. कंपनीच्या फाटकाबाहेर झालेला अपघात कोणाच्याच वहीत नाही.

आणि दोडामार्गात आडाळीला एमआयडीसीची जागा घेऊन ठेवलीय. वर्षानुवर्षं आम्ही तिचे फलक बघतो. आमच्या मुलांना हवं ते काम तिथे आलं असतं तर पेट्रोल तरी वाचलं असतं.

नाखवा_मिऱ्या

होडीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. घरच्या दोन नौका आहेत, एक ट्रॉलर. माझ्या आजोबांच्या वेळी होडीवर सगळी भावकी. वाटा ठरलेला: होडीचा, जाळ्याचा, तांडेलाचा (होडी चालवणारा म्होरक्या), खलाशांचा. मासळी मिळाली तर सगळ्यांना, नाही तर कोणालाच नाही. आता तांडेल आपला, खलाशी नेपाळी. वाटा गेला, पगार आला, आणि पगाराबरोबर उचल आली. हंगाम संपताना पुढच्या हंगामासाठी आगाऊ रक्कम द्यावी लागते, नाहीतर तो दुसऱ्याच्या होडीवर. जुलैअखेर आमचा निम्मा जीव फोनवर असतो, गाडीत बसला का, गोरखपूर सोडलं का. १ ऑगस्टला समुद्र उघडतो आणि खलाशी नाहीत म्हणून नौका धक्क्याला, हे दरवर्षी.

आमची मुलं का नाहीत? कारण आम्हीच म्हटलं शिका, दर्यात जाऊ नका. आणि शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासून, चांगलं आहे. तिथे शिकणारा मुलगा अधिकारी व्हायचं स्वप्न बघतो, ते योग्यच. पण तांडेलाला जीपीएस, फिशफाइंडर, इंजिन, बर्फ, मासळीची प्रत हे सगळं कळावं, त्याचं प्रमाणपत्र असावं, त्यावर बँकेने कर्ज द्यावं, असा मधला वर्ग कुठे शिकतो? बापाच्या मागे उभा राहून. बाप होडीवर नसेल तर नाही.

एक जाता जाता. खलाशी समुद्रात दगावला तर त्याच्या घरच्यांना नुकसानभरपाई मिळवताना मी पोलिस ठाण्यापासून सगळीकडे फिरलोय. त्याचं नाव तरी कागदावर नीट असावं. मुलाखतीत मोठं मोठं बोलणारे आमच्यातले किती जण खलाशांचा विमा उतरवतात, हात वर करा.

सह्याद्रीपलीकडचा

मी बीडचा. रत्नागिरी जिल्ह्यात वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. धाग्यात शाळेवरून बोललंच जाणार, म्हणून आधीच येतो.

आमच्याबद्दल तक्रार असते की घाटावरचे मास्तर येतात, नोकरी टिकवतात आणि आंतरजिल्हा बदली मिळाली की निघून जातात. खरं आहे. माझाही अर्ज भरलेला आहे, आई आजारी असते. इथल्या डीएड झालेल्या मुलांना घरी बसवून आम्हाला पाठवणारी भरती पद्धत आम्ही ठरवली नाही. पण त्यांचा राग मला कळतो, कारण माझ्या जिल्ह्यात हीच स्थिती असती तर मीही उपोषणाला बसलो असतो.

माझ्या शाळेचा पट एक आकडी आहे. मुलं नाहीत कारण आईबाप नाहीत. ज्यांची थोडी ऐपत आहे ती गाडीने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पाठवतात. उरलेल्यांत दोन मुलं नेपाळी आहेत, बागेवरच्या कुटुंबातली. दिवाळीनंतर येतात, मेमध्ये जातात. मराठी झकास बोलतात, पाढे येतात. पण दरवर्षी पहिलं सत्र बुडतं, आणि इथला दाखला तिकडे आणि तिकडचा इकडे चालवताना कागदांचा घोळ. धागाकर्त्यांनी नेपाळी माणसाचं वर्ष पुरं असतं म्हटलं, ते मोठ्यांचं. मुलांचं वर्ष दोन्हीकडे अर्धं राहतं.

निकालाबद्दल: कोकणातली मुलं प्रामाणिकपणे अभ्यास करतात, कॉपी कमी, पालक धाक ठेवतात. ९८ टक्के खोटे नाहीत. पण त्या अभ्यासात मुलाच्या घराभोवतीचं काही नाही. कलम कसं बांधतात हे त्याच्या आजोबाला येतं, पुस्तकात एका परिच्छेदात आहे, आणि दापोलीला १९७२ पासून अख्खं कृषी विद्यापीठ आहे. या तिघांची गाठ दहावीपर्यंत एकदाही पडत नाही.

रानजाई

तुम्ही सगळे रत्नागिरी-सिंधुदुर्गचं बोलताय. रायगड पण कोकणच आहे, निदान नकाशात. मी पेण-सुधागड पट्ट्यात कातकरी वाड्यांवर काम करते.

इथे "स्थानिक मिळत नाही" हा प्रकारच नाही. कातकऱ्यापेक्षा स्थानिक कोण? तरी दिवाळीनंतर वाड्या ओस पडतात. वीटभट्टीवर जोडपं जातं, काही कोळसा पाडायला पार कर्नाटकापर्यंत. नाखवा म्हणाले ती उचल इथे उलटी चालते. तिथे खलाशी उचल घेऊन पळू शकतो म्हणून मालक घाबरतो. इथे मजूर उचल फेडू शकत नाही म्हणून सुटत नाही. गणपतीत, सणाला, आजारपणाला घेतलेले पैसे, आणि त्याचा हिशेब मुकादमाच्या वहीत. हंगाम संपल्यावर वही सांगते अजून एवढे बाकी, पुढच्या वर्षी या. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झालेली आहे. तक्रार नोंदवायला गेलं की पहिला प्रश्न, "मारलं का? डांबलं का?" उचल देऊन बांधून ठेवणं हीच वेठबिगारी, हे समजावण्यात दुपार जाते.

मुलं आईबापाबरोबर जातात. शाळेच्या पटावर नाव असतं, मूल भट्टीवर. आश्रमशाळेत ठेवायचं तर लहान भावंडाला भट्टीवर कोण सांभाळणार? म्हणून मोठ्या मुलीची शाळा आधी सुटते. माझ्या ओळखीच्या वाडीत दहावीपर्यंत पोचलेल्या मुली बोटावर मोजता येतील. ९८.८२ टक्के हा परीक्षेला बसलेल्यांचा निकाल असतो. जी बसलीच नाहीत ती कुठल्याच टक्क्यात येत नाहीत.

रोजगार हमीचं काम मिळालं तर माणूस राहतो, हे डोळ्यांनी पाहिलंय. पण २०२५-२६ ला दर ३१२ रुपये रोज होता, आणि पैसे कधी येतील याचा नेम नाही. भट्टीवाला रोख उचल दिवाळीच्या आधी घरात आणून देतो. कोण जिंकणार?

चाकरमानी_डोंबिवली

वाचतोय. रीलवाल्यांवरचं माझं मत कायम आहे, पण सुरंगीताईंचा मुद्दा घरी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग? तुला आज कळलं?"

पेजेची_वाडी

राजापूर. टीका भरपूर झाली, आमच्याकडे काय चाललंय ते सांगतो, बघा उपयोग होतो का.

आम्ही गावातच राहिलेली मुलं आहोत. दोघे मुंबई सोडून परत आलेले. एकट्याने रोजावर जायला सगळ्यांना लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. टोळी केली आणि रोज बंद केला. काम अंगावर घेतो, दर कामाचा. पावसाळ्यात पॉवर टिलरने चिखलणी. श्रावण संपला की ग्रासकटर, बागेतलं गवत, रस्त्याच्या कडा, चाकरमान्यांच्या घरांचं आवार गणपतीपूर्वी (डोंबिवलीकर, तुमचंच). ऑक्टोबरपासून बागेची साफसफाई, आळी, फवारण्या. मार्चपासून खुडणी. आमच्याकडे झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन झाडावर चढणारा माणूस आहे आणि खाली प्रतवारी करणाऱ्या आहेत. मेमध्ये दोन जण होमस्टेवाल्यांकडे जातात.

यात वर्ष भरतं का? जवळजवळ. जून-जुलै अजून पातळ आहे, कारण शेती करणारे कमी आणि पडीक जास्त. नेरळच्या सगुणा बागेतून आलेली एसआरटी पद्धत आम्ही दोन खाचरांत करून बघितली. गादीवाफ्यावर थेट टोकण, चिखलणी नाही, लावणी नाही. मजूर कमी लागतात हे खरं, पण गवत पहिल्या वर्षी मानगुटीवर बसतं. आणि आमच्या पडीक जमिनीचं मोठं दुखणं सातबारा. एका गुंठ्यावर पंधरा-वीस नावं, निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. कसायला द्या म्हटलं की सगळ्यांना वाटतं कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा हक्क बसेल. लेखी करार करून देतो म्हटलं तरी भीती जात नाही. पड राहील पण देणार नाहीत.

लग्नाचं: टोळीतल्या एकाचं जमलं. बायोडाटात "कृषी सेवा व्यवसाय" लिहिलं होतं. तेच काम, पण मुलीच्या वडिलांना "रोजाने जातो" आणि "व्यवसाय आहे" यात फरक वाटला. काय बोलणार.

वेल्डिंगमास्तर

@पेजेची_वाडी, तुमच्या ग्रासकटरची दुरुस्ती कोण करतं?

पेजेची_वाडी

लांज्याला नेतो. हंगामात आठ-आठ दिवस पडून राहतं.

वेल्डिंगमास्तर

माझा एक डिझेल मेकॅनिक घरी आहे, तुमच्यापासून जवळच. व्यक्तिगत निरोप टाकतो. त्याला पत्र आणि आयकार्ड काय देता येईल ते बघा, चेष्टा नाही, खरंच लागतं. उद्यम नोंदणी असेल तर तुमच्या नावाचं देता येईल.

माडबन२००३

थोडं अवांतर. माझा भाऊ बारावी झालाय, जीपी रेटिंग (जहाजावरच्या खलाशाचा कोर्स) करायचं म्हणतो. एजंट कोर्स आणि जहाजावर नोकरी दोन्हीचे मिळून मोठी रक्कम मागतोय, नोकरीची हमी म्हणतो. द्यावी का?

लोटेकर

देऊ नका. खेड-दापोलीकडची निम्मी घरं जहाजावर आणि आखातात आहेत, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो. कोर्स सहा महिन्यांचा, संस्था डीजी शिपिंगच्या (केंद्राचं जहाज वाहतूक खातं) मान्यतेची हवी, यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. नोकरी लावणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना लागतो, तोही तिथेच तपासता येतो. नोकरीसाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमात बसत नाही. सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) हातात आला म्हणजे जहाज मिळालं असं नाही, सीडीसी घेऊन घरी बसलेली मुलं आमच्या गेटवर हेल्परच्या कामाला येतात.

कातळशिल्प

सगळ्यांचे आभार. लोटेकरांची आलटून पालटून सुट्टीची गोष्ट आणि पेजेच्या वाडीची टोळी, या दोन्हीत एक साम्य दिसलं की कुणीतरी वर्षाचा कागद घेऊन बसलं. सरकारी योजनेत तो कागदच नसतो, योजना आर्थिक वर्षाची असते.

मी पुढच्या हंगामात निम्मी बाग अशा टोळीला अंगावर देऊन बघणार आहे, निम्मी आहे तशी. माझ्याकडचं नेपाळी कुटुंब बरीच वर्षं येतंय, त्यांना एकदम नाही म्हणणं मला जमणार नाही आणि ते बरोबरही नाही. त्यांच्या मुलाच्या दाखल्याचं मास्तरांना विचारून काय होतं ते बघतो.

@पेजेची_वाडी, खुडणीचा दर झाडावर घेता की पेटीवर?

पेजेची_वाडी

पेटीवर. कोवळा तोडला तर आमच्या अंगावर. झाडावर घेतलं की मुलं घाई करतात.

सुरंगी

तुम्ही वर "खाली प्रतवारी करणाऱ्या आहेत" असं लिहिलंत. त्यांना पण पेटीवरच का?

पेजेची_वाडी

नाही ताई, त्यांना रोज. साडेतीनशे.

सुरंगी

रोज बंद केला म्हणालात ना?

पेजेची_वाडी

आमचा केला. यावर्षीच्या हिशेबाला बसू तेव्हा हा विषय घेतो. त्यातली एक माझी बहीणच आहे, ती तुमचा प्रतिसाद वाचून आताच बोलली मला.